ज्या पिकाने शिकविले, त्याचे चित्र

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी, बाह्यरुग्ण विभागातील चित्राच्या अनावरणप्रसंगी कान-नाक-घसा विभागाच्या मानद शल्यचिकित्सकांनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात चित्राच्या अनावरणासाठी एवढा वेळ राखून ठेवण्याची आपली प्रथा नाही. देणगीदाराचे नाव वाचावे, फीत सोडावी आणि चहापानाकडे वळावे, असा आजवरचा शिरस्ता आहे. परंतु हे चित्र स्वीकारावे की नाही, यावर विश्वस्त मंडळाच्या दोन बैठकांत चर्चा झाली, आणि अखेरीस अध्यक्षांनी मला सांगितले की, "डॉक्टर, चित्र लावू, पण ते येथे का लावले, हे तुम्हीच सर्वांसमोर सांगा." त्या आज्ञेचे पालन करण्यासाठी मी उभा आहे.

चित्र तंबाखूच्या शेताचे आहे. ते माझ्या धाकट्या भावाने काढले. तो चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झाला. आम्ही तिघा भावंडांनी मिळून ते रुग्णालयास अर्पण केले आहे. जेथे आठवड्यातून दोन दिवस तोंडाच्या कर्करोगाची तपासणी चालते, जेथील भिंतींवर 'तंबाखू सोडा' असे फलक आहेत, तेथेच तंबाखूच्या हिरव्यागार पानांचे साडेचार फूट लांबीचे चित्र! माझ्या एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले, "सर, दारूच्या भट्टीचे चित्र कुणी यकृताच्या विभागात लावेल का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

आमचे गाव कागल तालुक्यातले, निपाणीपासून काही कोसांवर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. आमचे गाव अलीकडे राहिले. पण तंबाखूला सीमा ठाऊक नव्हती. इकडच्या रानातला माल तिकडच्या वखारीतच जायचा. निपाणीचा तंबाखू हा प्रामुख्याने बिडीचा. टेंभुर्णीच्या पानात वळल्या जाणाऱ्या बिडीत जो जर्दा भरला जातो, तो या काळ्या रानांतून आणि वखारींतून देशभर गेला.

हे पीक आपल्या मातीतले नव्हे. ते अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांनी समुद्रमार्गे आणले. आदिलशाही विजापुराहून असद बेग नावाच्या वकिलाने ते १६०४ च्या सुमारास अकबराच्या दरबारी नेले, आणि अकबराने हुक्का ओढून पाहू नये म्हणून हकिमांनी हरकत घेतली, असा वृत्तान्त खुद्द असद बेगानेच लिहून ठेवला आहे. म्हणजे तंबाखूविषयी डॉक्टरांची तक्रार चारशे वर्षांची आहे. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तिचे काय झाले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता शेताकडे येतो. तंबाखूचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे मावतात. मुठीत धरून पेरणे अशक्य. राखेत किंवा वाळूत मिसळून वाफ्यावर टाकायचे आणि वरून झारीने हलके पाणी द्यायचे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रोपांची लावण करायची. त्यानंतर हे पीक जमिनीतल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर तगते. विहीर नको, पाट नको. गुरेढोरे तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणही नको. 'गाढवसुद्धा तंबाखू खात नाही' हे आपण विनोदाने म्हणतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेखी तो विनोद नसून हिशेब होता.

मात्र पाण्याची जी बचत होते, ती माणसाच्या कष्टांतून वसूल केली जाते. झाडाला कळी धरू लागली की शेंडा खुडायचा, म्हणजे झाडाचा सारा जोर पानांत उतरतो. शेंडा खुडला की पानांच्या बगलेतून नवे फुटवे येतात. ते दर आठ-दहा दिवसांनी हातांनी काढायचे. ते काम संपते तोवर पुन्हा पहिल्या ओळीत फुटवे आलेले असतात. पानांचा चीक हातांना लागतो, वाळतो आणि काळा होतो. साबणाने तो निघत नाही. सकाळी दवाने भिजलेल्या पानांत काम केले की पोटात मळमळते, डोके गरगरते, कधी उलट्या होतात. गावात त्याला 'तंबाखू लागली' म्हणत आणि सावलीत बसवून ठेवीत. पुढे वैद्यकाच्या पुस्तकांत मला त्याचे कारण सापडले: ओल्या पानांवरील निकोटीन त्वचेतून रक्तात जाते. तंबाखूचे पान कधीही तोंडात न घातलेल्या बाईला तंबाखूची विषबाधा होऊ शकते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते.

पौष-माघात झाडे कापून रानातच उन्हात वाळू घालायची. दुपारी हात लावला तर पानाचा चुरा होतो, म्हणून पहाटे, दवाने पान जरा मऊ पडल्यावर ते गोळा करायचे. एवढे झाले की शेतकऱ्याचे काम संपले आणि त्याची काळजी सुरू झाली. कारण तंबाखूला ना सरकारी हमीभाव, ना खुला लिलाव. माल वखारीत जायचा, भाव व्यापारी ठरवायचा आणि पट्टी केव्हा मिळेल हेही तोच ठरवायचा. १९४३ पासून तंबाखूवर केंद्राचे उत्पादनशुल्क होते. शेतकऱ्याच्या घरातल्या मालाचीही नोंद व्हायची, तो हलवायला परवाना लागायचा. १९७९ मध्ये कच्च्या मालावरील हे शुल्क रद्द झाले. एका वर्षी आमची पट्टी एका व्यापाऱ्याने इतकी लांबविली की पुढच्या हंगामाची रोपे लावून झाली तरी मागचे पैसे आले नव्हते. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्या वर्षी बैल विकला. माझ्या वसतिगृहाच्या खानावळीचे पैसे मात्र त्या महिन्यातही वेळेवर आले.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, मी जो आज आपल्यासमोर शल्यचिकित्सक म्हणून उभा आहे, तो या पिकाच्या पैशांवर झालो. शिक्षणाचे श्रेय देताना आपण एखाद्या संस्थेचे, गुरुजनांचे, आईवडिलांचे नाव घेतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची जी परंपरा उभी केली, तिचा लाभ माझ्यासारख्या हजारो मुलांना झाला आणि ते ऋण मी मान्य करतो. पण वसतिगृहात खोली मिळाली तरी पुस्तके, खानावळ, परीक्षेची फी आणि एसटीचे भाडे कुठून आणायचे? ज्वारी घरात खायला पुरायची. भुईमूग सणासुदीला आणि देण्याघेण्याला. रोख रक्कम देणारे पीक एकच होते. मिरजेला वैद्यकीय महाविद्यालयात असताना मला येणाऱ्या प्रत्येक मनीऑर्डरीला, मला वाटायचे, तंबाखूचा वास आहे. आमच्या भागातील किती शिक्षक, वकील, अभियंते आणि डॉक्टर या वासावर वाढले, त्यांची गणती कुणी केलेली नाही. या सभागृहातही त्यांतील काही बसलेले आहेत, आणि ते आत्ता माझ्याकडे पाहून हसत आहेत.

१९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीला तंबाखू उत्पादकांचे आंदोलन उभे राहिले. पुणे-बंगळूर महामार्गावर हजारो शेतकरी बायकामुलांसह ठाण मांडून बसले. मागणी एवढीच, की मालाला भाव द्या. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. मी तेव्हा मिरजेला होतो. आबा त्या रस्त्यावर काही दिवस बसून आदल्या आठवड्यात घरी परतले होते. पुढे जेव्हा जेव्हा 'तंबाखूवाल्यांची लॉबी' असा शब्द मी चर्चासत्रांतून ऐकला, तेव्हा मला कंपन्यांच्या कार्यालयांऐवजी रस्त्यावर घोंगडी अंथरून बसलेली ती माणसे आठवली. त्या दोहोंना एकाच शब्दात बसविणे अन्यायाचे आहे.

दुसरी बाजू मी आपणांस सांगावी, अशी परिस्थिती नाही. ती आपण रोज पाहतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते, आणि त्यांतील बहुसंख्य ओढणारे नव्हे, तर चघळणारे किंवा लावणारे. म्हणूनच आपल्या तपासणीत गालाच्या आतील पांढरे चट्टे, न उघडणारे तोंड आणि जिभेच्या कडेची न भरणारी जखम इतक्या वेळा दिसते. माझ्या कारकिर्दीत मी ज्यांचे जबडे काढले, त्यांतील काहीजण आमच्याच पंचक्रोशीतले होते. एकाच्या शेताचा बांध आमच्या शेताला लागून होता.

मी घशाच्या शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण घेणार, असे आबांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे माझ्याच पिकाच्या मुळावर उठलास की रं!" ते स्वतः तंबाखू खात. डॉक्टर झाल्यावर मी त्यांना सोडण्याविषयी सांगू लागलो, खाणेही आणि पिकविणेही. खाण्याविषयी ते काही बोलत नसत. पिकविण्याविषयी मात्र एकदा त्यांनी जे उत्तर दिले, ते मला कोणत्याही परिषदेत ऐकायला मिळाले नाही. ते म्हणाले, "सोडतो. तू रानाला पाणी आण, मी उद्या ऊस लावतो."

या उत्तराकडे मी अनेक वर्षे केवळ म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून पाहत नव्हतो. पण त्याचा पुरावा मला पुढे मिळाला. दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाचे पाणी जसजसे कालव्यांतून पसरले, उपसा योजना झाल्या, तसतशी आमच्या शिवारातील तंबाखूची राने उसाखाली गेली. पाणी न पोहोचलेल्या माळावर सोयाबीन आले, कारण त्याला बाजार मिळाला. आमच्या गावात कुणी व्याख्यान ऐकून तंबाखू सोडला, असे मला आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या तंबाखू नियंत्रण करारास भारताने २००४ मध्ये मान्यता दिली, त्याच्या सतराव्या कलमात तंबाखूचे शेतकरी आणि कामगार यांना परवडणारे पर्याय मिळवून देण्याची गोष्ट आहे. आपण डॉक्टर मंडळी त्या करारातील इशारे आणि जाहिरातबंदीची कलमे तोंडपाठ म्हणतो. सतरावे कलम मीही फार उशिरा वाचले, आणि वाचताना आबांचेच वाक्य सरकारी भाषेत पुन्हा भेटले. उसाचेही स्वतःचे प्रश्न आहेत, पाण्याचे आणि क्षारपड जमिनीचे. पण तो आजचा विषय नाही.

आता चित्राविषयी. नगदी पिकाचे चित्र काढणारा माझा भाऊ पहिला नव्हे. फ्रेंच चित्रकार एदगार दगा याचे १८७३ सालचे एक प्रसिद्ध चित्र आहे: अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातील त्याच्या मामाची कापसाची पेढी. त्याची आई त्याच शहरातल्या घराण्यातली. चित्रात मामा चष्मा लावून कापसाचा धागा बोटांत ताणून पाहत आहे, एक भाऊ वर्तमानपत्र वाचत आहे, दुसरा खिडकीला रेलून उभा आहे. टेबलावर पांढराशुभ्र कापूस पसरलेला. फ्रान्समधील पो येथील संग्रहालयाने १८७८ मध्ये ते विकत घेतले. एखाद्या संग्रहालयाने खरेदी केलेले दगाचे ते पहिले चित्र. भावाने मला त्याची छापील प्रत दाखविली आणि म्हणाला, "दादा, यात कापूस आहे, पण कापूस वेचणारं कुणीच नाही." दक्षिणेकडील त्या मळ्यांत गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती.

भावाने त्याच्या उलट केले. या चित्रात व्यापारी नाही, वखार नाही, बिडीचा कट्टा नाही. कोणत्याही मालाचे नाव त्यात नाही. पौषातली सकाळ आहे, शेंडे खुडलेली झाडे आहेत आणि मधोमध पाठमोरी वाकलेली एक बाई फुटवे काढीत आहे. तंबाखूचे फूल फिकट गुलाबी असते, दिसायला देखणे. पण शेतकरी ते फुलू देत नाही. बियांसाठी राखलेली चार-सहा झाडे तेवढी फुलतात. ती त्याने उजव्या कोपऱ्यात दाखविली आहेत. एका चित्रकार मित्राने त्याला सुचविले की सगळे शेत फुलांनी भरले तर चित्र उठून दिसेल. भावाने नकार दिला, आणि मला त्याचा नकार योग्य वाटतो. ते मग तंबाखूचे शेत राहिले नसते, बाग झाली असती.

ती पाठमोरी बाई म्हणजे आमची थोरली बहीण, आक्का. तिचे नाव मी येथे घेणार नाही, कारण तिने तसे बजावले आहे. ती सातवीपर्यंत शाळेत होती आणि वर्गात माझ्याहून हुशार होती, हे माझ्या गुरुजींचे मत. सातवीनंतर तिला शाळेतून काढले, कारण फुटवे काढायला हात कमी पडत होते. आमच्या दोघा भावांच्या शिक्षणाचा खर्च तंबाखूने केला, असे मी मघापासून म्हणत आहे. तंबाखू स्वतः होऊन काही करीत नाही; तो आक्काने केला. लग्नानंतर ती निपाणीत राहायला गेली आणि काही वर्षे एका वखारीत तंबाखू चाळण्याच्या कामावर होती. दिवसभर नाकातोंडाला पदर बांधून, धुळीच्या ढगात. त्या काळात निपाणीतील तंबाखू कामगार स्त्रियांनी संघटना उभारून मजुरीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी लढा दिला. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये त्यावर माहितीपटही केला. आक्का त्या मोर्चांत होती. मला हे तिने वीस वर्षांनी सांगितले, तेही सहज, भाजी निवडताना.

चित्र पुरे झाल्यावर भावाने ते प्रथम तिला दाखविले. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "पानं बरोबर हाईत. पण हात एवढं गोरं कुठलं? काळं कर." त्याने हात पुन्हा रंगविले. आपण जवळून पाहाल तर बोटांवरचा तो काळा थर ब्रशाने नव्हे, पातीने दिलेला दिसेल.

चित्र बाह्यरुग्ण विभागातच का, हा प्रश्न उरतो. विश्वस्तांपैकी एकांनी ते वरच्या मजल्यावरील सभागृहात लावावे असे सुचविले होते. तेथे ते अधिक सुरक्षित राहिले असते, हे खरे. परंतु आपल्या बाकांवर जे बसतात, त्यांत तंबाखू पिकविणारे, चाळणारे, बिड्या वळणारे अजूनही आहेत. त्यांना भिंतीवर आजवर फक्त सडलेल्या जबड्यांची छायाचित्रे दिसत आली. ती असावीत, ती मीच लावून घेतली आहेत आणि ती काढू नयेत, असे माझे आजही ठाम मत आहे. पण त्या छायाचित्रांसमोर बसलेला शेतकरी डॉक्टरांना सांगतो, "आम्ही नाय खात," आणि गप्प होतो. बिडी वळणारी बाई खोकल्यासाठी येते आणि कामाचे नावच काढत नाही. तिला वाटते, येथे आपला धंदा सांगणे म्हणजे गुन्हा कबूल करणे.

गेल्या वर्षापासून आपल्या केसपेपरवर दोन ओळी वाढविल्या आहेत. 'तंबाखू खाता किंवा ओढता का?' याच्या जोडीला 'तंबाखूच्या कामावर आहात किंवा होता का? किती वर्षे?' हा प्रश्न आता विचारला जातो. निवासी डॉक्टरांनी तो घाईगर्दीतही टाळू नये, अशी माझी विनंती आहे. दवात काम करून मळमळणारी बाई आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन परत जाऊ नये. वखारीत वीस वर्षे काढलेल्या स्त्रीची फुप्फुसे तपासली जावीत, तिने कधी बिडी ओढली नसली तरी. आणि शिबिरांच्या नियोजनासंबंधी विश्वस्तांना एक मागणी करतो: गावोगाव जी व्यसनमुक्ती शिबिरे आपण घेतो, त्यांत एखादा कृषी अधिकारी, एखादा तंबाखूकडून दुसऱ्या पिकाकडे गेलेला शेतकरी बोलवावा. खर्च फार नाही. आक्काच्या शेजारच्या दोघीतिघी यायला तयार आहेत. त्यांनी बिडी सोडून शिलाईचे काम धरले आहे, आणि त्यात मिळकत कमी की जास्त, हे त्या आपल्या तोंडाने सांगतील.

माझ्या तरुण सहकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले की नाही, हे त्यांनी मला चहाच्या वेळी सांगावे. दारूच्या भट्टीचे चित्र मी लावले नसते. पण उसाच्या फडाचे लावले असते, आणि मळीची दारू होते म्हणून ते नाकारा, असे बहुधा त्यांनीही म्हटले नसते.

चित्राखालच्या पाटीवर काय लिहावे, यावरही आम्हा भावंडांत मतभेद झाले. भावाला 'ऋण' असा एकच शब्द हवा होता. मला पिकाचे शास्त्रीय नाव आणि त्याच्या दुष्परिणामांची एक ओळ हवी होती. आक्काने दोन्ही नाकारले. त्यामुळे पाटीवर आता एवढेच आहे: 'तंबाखूचे रान, कागल तालुका. फुटवे काढताना.'

ती आज पहिल्या रांगेत बसली आहे. अध्यक्ष महोदयांना विनंती, की त्यांनी तिला सोबत घेऊन पडदा दूर करावा.